नऊ मिनिटं, अठ्ठावीस सेकंद

टेप क्रमांक सतरा. गाव हा-लेबुसा,
रोमाच्या विद्यापीठापासून दीड दिवस,
शेवटचा टप्पा खेचरावर.
जुलै, म्हणजे लेसोथोच्या डोंगरांवर बर्फ
आणि माझ्या खोलीत रॉकेलच्या हीटरचा डोकं उठवणारा वास.
हेडफोन लावून मी बायांचं बोलणं उतरवून घेते.
एका मिनिटाच्या बोलण्याला सात मिनिटं टायपिंग.
हा हिशेब प्रबंधात येत नाही.

नाव: मालिपुओ. म्हणजे लिपुओची आई.
सासरी पाऊल टाकलं त्याच दिवशी ठेवलेलं नाव,
पोटात काही नसताना.
पुढचा रकाना, मुलं: शून्य.
लिपुओ आलीच नाही.
"आता कोण बदलणार," टेपवर ती म्हणते,
"सगळ्या डोंगराला पाठ झालंय."

पद: ग्राम आरोग्य सेविका. वर्षं: तेरा.
घरं: एक्केचाळीस, त्यातली नऊ नदीपलीकडे.
मानधन: "येतं. येतं तेव्हा येतं."
प्रश्न बारावा: काल तुम्ही काही काम केलं का?
"काल? नाही. काल रविवार होता."

मग खोकला.
तो त्सेलिसोचा. त्सेलिसो तिचा कुणी नव्हे.
सोन्याच्या खाणीत बावीस वर्षं मुरलेला खोकला.
त्याच्या फुप्फुसांचे टक्के ठरलेत,
टक्क्यांवरून पैसे ठरलेत,
पैशांचा कागद परमुलखातल्या कुठल्याशा खिडकीत पडून आहे.
त्याला काखेत हात घालून उन्हात नेऊन बसवायचं
त्याचे टक्के अजून कुणी काढलेले नाहीत.

"थांब हं, पोरी," ती म्हणते,
आणि पुढची नऊ मिनिटं, अठ्ठावीस सेकंद
माझ्याशी बोलतच नाही.

पहिल्या खेपेला मी टाइप केलं: उत्तर नाही.
सांकेतिक क्रमांक नव्व्याण्णव.
प्रोफेसर रामाबेले म्हणाले, बरोबर आहे, पुढे चला.

पुढे जाववेना. मागे गेले.

घोंगडी झटकल्याचा आवाज.
पाणी, आधी टोपात, मग अंगावर.
"उजवा हात दे. हा उजवा का? खाणीत कसा टिकलास रे तू?"
तो हसतो. हसण्याचा खोकला होतो.
शेणी मोडल्याची कटकट, पत्र्यावर वारा.
दारातून कुणीतरी विचारतं, आज लाल गोळी की पांढरी?
दोन्ही, ती सांगते, आणि आधी पोटात काहीतरी टाक.
कुणाची तरी शेळी.
मग चाळीस सेकंद नुसते श्वास,
एक घरघरता, एक दमलेला,
आणि नीट ऐकलं तर तिसरा.
तिसरा माझा.
मी बसून होते. मांडीवर प्रश्नावली.

आमच्या सेसोथोत एक शब्द आहे, ह्लोकोमेला.
सांभाळ, म्हणजे त्याच्याकडे बघ, त्याला जप.
आणि सांभाळ, म्हणजे पुढे कडा आहे, पाय घसरेल.
आजाऱ्याच्या उशाशी तोच, घाटातल्या पाटीवर तोच.
आमच्या संहितेत मात्र दोन खाती:
चार म्हणजे शुश्रूषा,
अकरा म्हणजे धोक्याची सूचना.
एका वाक्याला एकच आकडा द्यायचा, असा नियम.

निघताना ती ओढ्यापर्यंत आली,
हातात त्सेलिसोचे ओले कपडे.
रेकॉर्डर बंद करायचं राहून गेलं होतं माझं.
खेचरावर चढले तर खालून म्हणाली, "ह्लोकोमेला."
बर्फ होतं म्हणून म्हणाली असेल.
किंवा माझा खोकला तिने सकाळीच ऐकला असेल,
मला लागायच्या आधी.

प्रकरण तिसरं द्यायची तारीख उलटून गेली.
त्या ओळीपुढचा चौकोन अजून रिकामा आहे.
टेपच्या शेवटी खेचराच्या खुरांचे आवाज आहेत, तेरा मिनिटं.
कापून टाका म्हणाले.
नाही कापले.